कोंबड्यांच्या पिसांचे रंग आणि त्यांची पैदास

आठवड्याच्या बाजारी कोंबड्या विकावयास नेणाऱ्या कोणाही शेतकऱ्यास ठाऊक आहे की, गिऱ्हाईक प्रथम पाखराचे वजन पाहत नाही, रंग पाहते. तांबडा, झुपकेदार शेपटीचा कोंबडा पाटीतून वर काढताच चार हात पुढे येतात. त्याच वजनाचे पांढरे पाखरू मात्र तसेच पडून राहते. पांढरे म्हणजे पिंजऱ्यातले आणि रंगीत म्हणजे गावरान, असा लोकांचा समज झाला आहे. हा समज कितपत खरा आहे ते पुढे येईलच. परंतु खरा असो वा खोटा, भाव त्यावर ठरतो, आणि म्हणून एका रंगाचा कळप आपल्या घरी असावा असे पुष्कळांस वाटते. कोणी राखी रंगाच्या मागे लागतो, कोणी कुळकुळीत काळ्याच्या, कोणी कबऱ्याच्या. मोठी किंमत देऊन कोंबडा आणतात, अंडी रवणीस घालतात, आणि एकविसाव्या दिवशी डालग्याखाली भलत्याच रंगांची पिल्ले पाहून कपाळास हात लावतात.

असा प्रसंग प्रस्तुत लेखकावरही आलेला आहे. काही वर्षांपूर्वी मी एका विक्रेत्याकडून एक पांढराशुभ्र कोंबडा विकत घेतला. घरच्या कोंबड्या काळ्या व तांबूस, गावरान. शेजारच्या वाडीवरील एका गृहस्थांनी पांढरा लेगहॉर्न कोंबडा गावठी कोंबड्यांत सोडला होता व त्यांची पिल्ले बहुतेक सारी पांढरी निघाली होती. ते पाहूनच मला ही बुद्धी झाली. माझ्याकडे मात्र दोन रवणींतून एकही पिल्लू पांढरे निघाले नाही. सारी काळी, तांबडी, भुरी. विक्रेत्याने मिश्र जातीचे पाखरू शुद्ध म्हणून गळ्यात बांधले अशी माझी खात्री झाली. त्याच्या दारी जाऊन मी नको ते बोललो, कोंबडा खाटकास दिला आणि त्या रवणीच्या तलंगाही अंड्यावर येण्यापूर्वीच विकून टाकल्या. पुढे ह्या विषयावरील पुस्तके वाचनात आली तेव्हा कळले की, विक्रेत्याचा त्यात काही दोष नव्हता, आणि ज्या तलंगा मी विकल्या त्यांच्यातच मला हवा असलेला रंग दडलेला होता.

हे कसे, ते समजण्यास थोडे मुळापासून सांगितले पाहिजे. कोंबडीच्या पिसांत रंगद्रव्ये दोनच असतात: एक काळे, दुसरे तांबूस-पिवळे. ह्या दोहोंचे प्रमाण, त्यांची मांडणी आणि काही ठिकाणी त्यांचा अभाव, एवढ्यातून सगळे रंग निघतात. मूळ रानकोंबड्याची छाती काळी, मान व पाठ सोनेरी-तांबडी, आणि त्याच्या मादीचा रंग वाळलेल्या पाल्यासारखा भुरा. आपल्या गावरान कळपात हा मूळ रंग वारंवार डोके वर काढतो, त्याचे कारण तो पूर्वजांचा वारसा आहे हेच. पूर्वज एकच मात्र नव्हे. आपल्या सह्याद्रीत आढळणारा करडा रानकोंबडा हा निराळ्या जातीचा असून, पाळीव कोंबड्यांच्या पायांचा व कातडीचा पिवळेपणा त्याच्याकडून आलेला आहे, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

प्रत्येक गुणाचे पाखराच्या अंगी सामान्यतः दोन वाटे असतात. एक बापाकडून, एक आईकडून. पिल्लास देताना पाखरू आपल्या दोहोंपैकी एकच वाटा देते. दोन वाटे निराळे असले तर कधी एक दुसऱ्यास झाकून टाकतो. झाकणाऱ्यास प्रभावी व झाकला जाणाऱ्यास सुप्त म्हणावे. मेंडेल याने हा नियम वाटाण्यावर प्रयोग करून १८६६ साली प्रसिद्ध केला. तो पडून राहिला, १९०० साली पुन्हा उजेडात आला, आणि १९०२ साली इंग्लंडात बेट्सन याने तो कोंबड्यांसही लागू पडतो हे दाखवून दिले. वनस्पतींबाहेर, प्राण्यांत हा नियम ज्यांच्यावर प्रथम सिद्ध झाला त्यांत आपल्या उकिरड्यावरील कोंबडी आहे, ही गोष्ट कोंबड्या पाळणारास थोडी अभिमानाचीच वाटावी.

आता पांढऱ्या रंगाचे पाहा. पांढरी कोंबडी दिसावयास एक, पण तिच्या पांढरेपणाची कारणे निदान दोन. लेगहॉर्नचा पांढरेपणा प्रभावी आहे. त्याचा एक वाटाही पिल्लात आला तर काळा रंग पिसांत उतरत नाही. पिल्लू पांढरे निघते, फार तर अंगावर दोनचार काळे ठिपके असतात. तांबड्या रंगावर मात्र त्याचा तितका जोर चालत नाही, म्हणून तांबड्या कोंबडीच्या पिल्लांत छातीवर, पाठीवर तांबूस झाक राहते. दुसरा पांढरेपणा सुप्त आहे. पांढरी वायनडॉट, पांढरी प्लिमथ रॉक ह्यांचा तो प्रकार. ह्यात रंग तयार करणारी शक्तीच मंदावलेली असते. परंतु दुसऱ्या पालकाकडून रंगाचा एक धड वाटा मिळाला की पिल्लू रंगीत होते. माझा कोंबडा ह्या दुसऱ्या प्रकारचा होता. केंब्रिज येथे बेट्सन व पनेट ह्यांस तर असे आढळले की, दोन निरनिराळ्या पांढऱ्या जातींचा संकर केला असता पिल्ले रंगीत निघतात. कारण एकीत जे उणे तेच दुसरीत शाबूत होते. पांढऱ्यास पांढरे जोडून रंगीत पिल्ले आली तर त्यात लबाडी असलीच पाहिजे असे नाही.

मी काय करावयास हवे होते? त्या रंगीत तलंगांपैकी प्रत्येकीच्या अंगी पांढरेपणाचा एक सुप्त वाटा होता. त्या त्याच कोंबड्यास परत जोडल्या असत्या तर सरासरीने निम्मी पिल्ले पांढरी निघाली असती, आणि ती पांढरी पिल्ले आपसांत जोडल्यास पुढे पांढरीच संतती मिळाली असती. मुलीस बापाशी जोडणे हे नेहमी करण्याजोगे नव्हे, त्याचे तोटे पुढे सांगतो. परंतु रंग पक्का करण्याची ती पहिली पायरी असते. मला एक पिढी थांबता आले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

झाकणे आणि झाकले जाणे ह्याखेरीज तिसराही प्रकार आहे, आणि हौशी लोक बहुधा त्यातच फसतात. स्पेन देशाकडील अंदालुशियन नावाची जात तिच्या निळसर राखी रंगाकरिता प्रसिद्ध आहे. ती पाळणारे लोक पिढ्यान् पिढ्या राखी कोंबड्यास राखी कोंबडी जोडीत आले, आणि प्रत्येक रवणीत काळी व मळकट पांढरी, ठिपक्यांची पिल्ले निघाली की ती निकृष्ट म्हणून काढून टाकीत आले. शंभर पिल्लांत सुमारे पन्नास राखी, पंचवीस काळी, पंचवीस पांढरट, हे प्रमाण कितीही निवड केली तरी हटेना. ह्याचे कारण असे की, राखी रंग स्वतंत्र नाहीच. काळ्याचा एक वाटा व पांढरटाचा एक वाटा एकत्र आले म्हणजे राखी रंग होतो. तेव्हा राखी कोंबडी शुद्ध असूच शकत नाही. उलट जी काळी व जी पांढरट पाखरे टाकाऊ ठरविली जात होती, तीच एकमेकांस जोडली असता सगळीच्या सगळी पिल्ले राखी निघतात. राखी कळपाची हौस ज्यास असेल त्याने राखी कोंबडा न आणता काळा कोंबडा आणि पांढरट ठिपक्यांच्या कोंबड्या, किंवा ह्याच्या उलट, अशी जोडणी ठेवावी. मात्र ती पाखरे राखी कळपातून निघालेलीच हवीत. लेगहॉर्नचा पांढरा रंग येथे उपयोगी नाही. हा रंग कायमचा करून देतो असे कोणी सांगेल तर त्यास पैसे देऊ नयेत.

येथवर रंगाचा विचार हौस व बाजारभाव ह्यांपुरता झाला. रंगाचा खरा लाभ निराळाच आहे. रवणीतून बारा पिल्ले निघाली तर त्यांत कोंबड्या किती व कोंबडे किती हे घरी पाळणारास पहिले कित्येक आठवडे नीट कळत नाही. तोवर दोहोंस सारखाच दाणा घालावा लागतो. पिसांच्या रंगावरून हा भेद पहिल्याच दिवशी कळावा अशी जोडणी करता येते, आणि ती कोणाही शेतकऱ्याच्या आवाक्यातील आहे.

त्याचे बीज असे. काही रंगांचे वाटे कोंबड्याच्या अंगी दोन असतात, पण कोंबडीच्या अंगी एकच, आणि तो तिला नेहमी बापाकडून मिळालेला असतो. कोंबडी तो आपला एकुलता वाटा फक्त मुलग्यांस देते. मुलींस त्या गुणापुरते आईकडून काहीच मिळत नाही. (गाईम्हशींत व माणसांत ह्याच्या उलट आहे, तेथे एक वाटा नराकडे असतो.) अंगावर आडवे काळे-पांढरे पट्टे असलेली प्लिमथ रॉक कोंबडी घ्या. पट्ट्यांचा गुण ह्या प्रकारचा व प्रभावी आहे. तिला काळा किंवा ऱ्होड आयलंड रेड कोंबडा जोडावा. पट्ट्यांचा वाटा फक्त मुलग्यांकडे जाईल. पिल्ले सारी काळसर निघतील, परंतु नरपिल्लांच्या डोक्यावर मागल्या बाजूस एक पांढरट ठिपका असेल, मादीपिल्लांचे डोके काळे असेल. मोठेपणी नर पट्टेदार व माद्या काळ्या, मानेशी थोड्या तांबूस, अशा होतात.

दुसरी जोडणी सोनेरी-रुपेरी रंगांची. इंग्लंडातील लाइट ससेक्स कोंबडी अंगाने पांढरी, मानेस व शेपटीस काळी असते; हा पांढरेपणा वर सांगितलेल्या दोहोंहून निराळा, म्हणजे तांबड्याच्या ठिकाणी रुपेरी आलेला असा आहे. तिला ऱ्होड आयलंड रेड कोंबडा जोडला तर मादीपिल्ले बापासारखी बदामी-तांबूस व नरपिल्ले आईसारखी फिकट पिवळी निघतात. अंड्यातून बाहेर येऊन अंग वाळले की दोन पाट्यांत निवडून ठेवावीत, इतका हा भेद ठळक आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळी इंग्लंडात दाण्याची टंचाई असता पनेट ह्यानेच ह्या युक्तीचा उपयोग करावा असे सुचविले होते. आणि १९२९ साली पनेट व पीझ ह्यांनी कँबार नावाची जात तयार केली, जिच्यात संकर न करताही पिल्लाच्या रंगावरून नरमादी ओळखता येते. आज तपकिरी अंडी देणाऱ्या व्यापारी कोंबड्यांच्या पैदाशीत पिल्ले निवडण्यासाठी सोनेरी कोंबडा व रुपेरी कोंबडी हीच जोडणी मोठ्या प्रमाणावर वापरली जाते.

ह्यात चुका कोठे होतात ते सांगितले पाहिजे. पहिली चूक जोडणी उलटी करण्याची. पट्टेदार कोंबडा व काळी कोंबडी घेतल्यास नर व माद्या दोन्ही पट्टेदार होतात आणि काहीच ओळखता येत नाही. दुसरी चूक अशी की, ह्या संकरित पिल्लांचीच पुढे आपसांत पैदास करतात व खूण का मिळत नाही म्हणून विचारतात. ही खूण एका पिढीची आहे. दरवेळी मूळ दोन जाती निराळ्या राखल्या पाहिजेत. तिसरी चूक आपल्याकडे विशेष होण्याजोगी आहे. आपण ज्यांस कबरी म्हणतो त्या सगळ्या पट्टेदार नसतात. पिसाच्या केवळ टोकास पांढरा ठिपका असणे निराळे. एकेका पिसावर आडवे पट्टे असणे निराळे. एक पीस उपटून उजेडात धरावे. आडवे पट्टे असतील तरच कोंबडी ह्या कामाची. आणि कोंबडा लेगहॉर्नच्या रक्ताचा नसावा. कारण त्या पांढऱ्या पिसांखाली पुष्कळदा पट्ट्यांचा गुणही झाकलेला असतो. गावठी कळपात लेगहॉर्न सोडल्यावर दोनतीन पिढ्यांनी एकाएकी पट्टेदार पिल्ले दिसू लागतात, ती ह्याच वाटेने आलेली असतात.

ह्या पट्ट्यांवरूनच प्रदर्शनवाल्यांची एक गंमत आठवते. पट्टेदार कोंबड्याच्या अंगी त्या गुणाचे दोन वाटे व कोंबडीच्या अंगी एक, म्हणून कोंबडा स्वभावतःच फिकट व कोंबडी गडद. परंतु प्रदर्शनाच्या नियमांप्रमाणे दोघे एका छटेचे हवेत! म्हणून विलायतेत व अमेरिकेत हौशी लोक बक्षिसाचे कोंबडे काढण्याकरिता एक कळप व बक्षिसाच्या कोंबड्या काढण्याकरिता दुसरा कळप राखीत. आपल्या शेतकऱ्याने असल्या नादी लागण्याचे कारण नाही.

काळ्या रंगाविषयी स्वतंत्र लिहिले पाहिजे, कारण त्यापायी आपल्या लोकांचे पैसे गेले आहेत. मध्य प्रदेशातील झाबुआकडील कडकनाथ, ज्यास काळीमासी असेही म्हणतात, त्याच्या मांसास २०१८ साली भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली, आणि आपल्याकडे त्याचा एकच बोलबाला झाला. २०१९ साली सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथ पालनाच्या ठेक्यांत अनेक शेतकऱ्यांची रक्कम अडकली, तो प्रकार वाचकांच्या स्मरणात असेल. त्या व्यवहाराची चर्चा येथे करावयाची नाही. सांगावयाचे ते इतकेच की, कडकनाथाचा काळेपणा पिसांत नसून कातडी, मांस व हाडांवरील पडद्यात आहे. खुद्द कडकनाथात पूर्ण काळ्या, रेषांच्या व सोनेरी छटेच्या अशा तिन्ही प्रकारच्या पिसांची पाखरे असतात. आणि बाहेरून काळीभोर असणारी साधी गावठी कोंबडी सोलल्यावर पांढरीच निघते. अंडीही काळी नसतात. ती फिकट बदामी असतात. तेव्हा पिसांवरून कडकनाथ घेणे म्हणजे घोंगडी पाहून मेंढी विकत घेण्यासारखे आहे. तुरा, जीभ व पंखाखालची कातडी पाहावी.

परंतु तेवढ्यानेही निश्चिती होत नाही. आतून काळी असणारी सिल्की ही कडकनाथाप्रमाणेच काळ्या मांसाची चिनी जात. बेट्सन व पनेट ह्यांनी १९११ साली प्रसिद्ध केले की, सिल्की कोंबडा व भुरी लेगहॉर्न कोंबडी ह्यांच्या संकरात मुली आतून चांगल्या काळ्या होतात व मुलगे जवळजवळ उजळ राहतात. काळेपणा दाबून टाकणारा एक गुण लेगहॉर्न कोंबडीत आहे आणि तो, वर पट्ट्यांविषयी सांगितले त्याच रीतीने, फक्त मुलग्यांकडे जातो. ह्याचा अर्थ असा की, पिवळ्या किंवा पांढऱ्या पायांच्या परक्या कोंबड्यांत कडकनाथ कोंबडा सोडून कोणी काळ्या तलंगा तयार केल्या तर त्या दिसावयास शुद्धच वाटतील. घेणाराने त्याच रवणीतील नरपिल्ले पाहावयास मागावीत; ती उजळ निघाली तर समजून घ्यावे. संकर काळसर पायांच्या गावरान कोंबडीशी झालेला असेल तर मात्र ही खूण चालत नाही. तेथे आईबाप पाहिल्यावाचून गत्यंतर नाही.

आता प्रत्यक्ष पैदाशीविषयी थोडे. जोडणीचा कोंबडा व त्याच्या आठदहा कोंबड्या निराळ्या खुराड्यात ठेवाव्या. पूर्वीचा कोंबडा काढून टाकल्यावर लगेच अंडी रवणीस घालू नयेत. कोंबडीच्या पोटात पहिल्या कोंबड्याचे बीज दोन ते तीन आठवडे टिकते, म्हणून तीन आठवड्यांची अंडी खावी किंवा विकावी व त्यानंतरची जमवावी. एवढी एक गोष्ट न पाळल्यामुळे कित्येक चांगल्या जोडण्यांवर विनाकारण दोष येतो. पिल्लांच्या पायांत रंगीत कडी घालून कोणाचे कोण ते वहीत टिपावे. दहाबारा पिल्लांवरून प्रमाण ठरवू नये; चारांत एक ह्याचा अर्थ प्रत्येक चारांत एक असा नसतो.

रंग धरण्याकरिता जवळच्या नात्यात जोडणी करावी लागते हे खरे, पण तीच पुढे चालू ठेवली तर अंड्यांतून पिल्ले कमी निघू लागतात व निघतात ती नेटाची नसतात. दोन पिढ्यांनंतर त्याच रंगाचा पण बाहेरचा कोंबडा आणावा. जिची पिसे मनासारखी पण अंडी मोजकी, अशी कोंबडी पैदाशीस ठेवू नये. आणि ज्या घरी मानमोडीची लस वेळेवर टोचली जात नाही तेथे रंगाची गोष्ट न बोललेलीच बरी.

रंगाचे उपयोग ठिकाणाप्रमाणे बदलतात. मांसाकरिता वाढविलेले पाखरू पांढरे असते, कारण सोलल्यावर राहिलेली कोवळी पिसे कातडीवर डाग दाखवीत नाहीत. परसात मोकळे चरणारे पाखरू भुरे, तांबडे, ठिपक्यांचे असलेले बरे. घार व मुंगूस ह्यांच्या नजरेस ते चटकन पडत नाही. हैदराबादेत तयार झालेली वनराजा व बंगळूरची गिरिराज ही पाखरे रंगीत ठेवली आहेत त्यात हाही विचार आहे. येथेच बाजारातील त्या समजाचा निकाल लागतो: ही दोन्ही पाखरे शास्त्रीय पैदाशीची असून दिसण्यात गावरानासारखी आहेत, आणि गिऱ्हाईक त्यांस गावरान समजूनच पैसे मोजते. विकणाराने खरे नाव सांगूनच ती विकावी. त्यांच्या अंड्यांपासून पुन्हा पैदास करू पाहणारास मात्र तोच रंग व तेच वजन मिळत नाही.

माझ्या खुराड्यात सध्या पुन्हा एक पांढरा कोंबडा आहे. ह्या वेळी त्याची परीक्षा आधी घेतली. त्यास चार काळ्या कोंबड्या जोडून, तीन आठवडे सोडून, एक रवण बसविली. सगळी पिल्ले पांढरी निघाली असती तर त्याचा पांढरेपणा प्रभावी व शुद्ध ठरला असता. निम्मी निघाली असती तर प्रभावी पण एकेरी. सगळी रंगीत निघाली. त्या तलंगांच्या पायांत कडी घातली आहेत, आणि ह्या खेपेस त्या विकलेल्या नाहीत.